पाण्याची पाळी आणि आभासी यंत्रांची घडण

नीरा नदीच्या डाव्या तीरावरील कालव्यांत १८८५ च्या सुमारास पाणी खेळूं लागलें, आणि पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्याचें दैव पालटण्यास आरंभ झाला. भाटघर येथें वेळवंडी नदीवर धरण, वीर येथें बंधारा, आणि तेथून बारामती व इंदापूर या भागांतून सुमारें शंभर मैल वळसे घेत जाणारा पाट, अशी ही योजना होती. पाणी आलें, परंतु पाणी आलें म्हणजे शेत भिजलें, असें होत नाहीं. कालव्याखालीं येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकड्यास सपाटी लागते, बांध लागतात, चारी लागते, सऱ्या लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पाणी कोणत्या दिवशीं व किती वेळ मिळावयाचें, याचा ठराव लागतो. असे तुकडे हजारों. प्रत्येकाच्या उशाशीं एकेक अंमलदार उभा करणें कोणत्याही सरकारास शक्य नव्हतें. मग प्रत्येक नवा तुकडा नियमांत यावा कसा, आणि कोणी पाहत नसतांना नियमांत राहावा कसा?

या प्रश्नास दोन प्रकारचीं उत्तरें मिळालीं. पहिलें उत्तर लेखी ठरावाचें. शेजपाळी या नांवानें महाराष्ट्रांत रूढ झालेल्या पद्धतींत प्रत्येक खातेदाराची पाळी आधींच यादींत लिहिली जाते, आणि पाटकरी त्या यादीबरहुकूम दार उघडतो व लावतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत अभियंते असतांना त्यांनीं नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धति आणली. तींत भिजणारी जमीन गटांत बांधून पिकांची फेरपालट आणि पाण्याचें माप हीं दोन्ही अगोदर ठरवून दिलेलीं असत. दुसरें उत्तर स्वयंचलनाचें. त्याच विश्वेश्वरय्यांनीं १९०३ मध्यें पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर असे दरवाजे बसविले, कीं पाणी ठराविक उंचीस पोंचतांच ते आपोआप उघडावे आणि उतरतांच आपोआप मिटावे. एकीकडे लिहून ठेवलेली इच्छा, आणि दुसरीकडे कोणाची वाट न पाहतां ती इच्छा अंमलांत आणणारें साधन, या दोहोंच्या जोडीवरच आजच्या काळांतील एक मोठा उद्योग उभा आहे. तो उद्योग पाण्याचा नव्हे, संगणकांचा आहे. परंतु त्याचा एक फांटा आतां याच बारामतीच्या उसांत येऊन पोंचला आहे.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट या १९७१ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्यानें उसाच्या शेतांत एक नवा प्रयोग मांडला, आणि २०२४ पासून तो लोकांच्या नजरेस आला. पहिल्या टप्प्यासाठीं सुमारें एक हजार शेतकऱ्यांची योजना झाली. मातींत रोंवलेले संवेदक ओलावा मोजतात, हवामानकेंद्र वारा-पाऊस-उष्णता टिपतें, उपग्रह आकाशांतून पिकाचें चित्र घेतो, आणि या सर्वांचा मेळ घालून शेतकऱ्याच्या हातांतील फोनवर सल्ला येतो, कीं आज पाणी द्यावें किंवा न द्यावें, खत किती घालावें. हा मेळ घालण्याचें काम शेताच्या बांधावर होत नाहीं. तें मायक्रोसॉफ्टच्या ‘अझुर’ या मेघसेवेवर, म्हणजे दूरच्या इमारतींत रचून ठेवलेल्या असंख्य संगणकांवर होतें. या सेवेनें २०१५ च्या सप्टेंबरांत हिंदुस्थानांत तीन ठाणीं उघडलीं, आणि त्यांपैकीं एक पुण्याचें आहे.

अशा ठाण्यांत ग्राहकास जो संगणक मिळतो, तो बहुधा खरा संगणक नसतो. तो आभासी असतो. पेठेंतील जुन्या वाड्याचें उदाहरण घेतलें म्हणजे ही गोष्ट सहज ध्यानांत येईल. वाडा एक, विहीर एक, दिंडीदरवाजा एक. परंतु आंत पडद्या घालून दहा बिऱ्हाडें थाटलेलीं, आणि प्रत्येक बिऱ्हाडास आपलें घर स्वतंत्र वाटतें. एका मोठ्या यंत्राच्या स्मृतीचे आणि गणनशक्तीचे वांटे करून प्रत्येक वांट्यास आपण स्वतंत्र यंत्र आहोंत असें भासविणें, हीच आभासी यंत्राची कल्पना होय. ती कांहीं काल-परवांची नाहीं. अमेरिकेंत केंब्रिज येथील आय.बी.एम. कंपनीच्या शास्त्रीय केंद्रांत ‘सी.पी.-४०’ नांवाची व्यवस्था १९६७ च्या जानेवारींत नित्य वापरांत आली. ती एका यंत्रावर चौदा आभासी यंत्रें चालवीत असे. १९७२ मध्यें त्याच कंपनीनें ‘व्ही.एम./३७०’ ही व्यवस्था बाजारांत आणली. पुढें १९९८ मध्यें ‘व्हीएमवेअर’ कंपनी निघाली आणि ही युक्ति साध्या, स्वस्त संगणकांवर उतरली. २००६ च्या ऑगस्टांत ‘ॲमेझॉन’नें आभासी यंत्रें तासाच्या भाड्यानें देण्यास प्रारंभ केला. पूर्वीं नवा संगणक मागविला म्हणजे तो पेटींतून येण्यास कित्येक आठवडे लागत. आतां तो मागणी नोंदविल्यापासून कांहीं मिनिटांत उभा राहूं लागला, आणि एकाऐवजीं शंभर मागविले तर शंभर उभे राहूं लागले.

येथें नीरा कालव्याचा जुना प्रश्न नव्या वेषांत पुढें आला. नवें आभासी यंत्र हें भिजण्यास योग्य, परंतु बांध-सऱ्या नसलेल्या तुकड्यासारखें असतें. त्याला नांव नसतें. त्यांत कोणास प्रवेश द्यावा हें त्याला ठाऊक नसतें. घड्याळ कोणत्या देशाचें लावावें, कोणते कार्यक्रम बसवावे, कोणत्या खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि कोणत्या बंद कराव्या, यांतील कांहींच ठरलेलें नसतें. यंत्रें दोन-चार होतीं तोंवर एखादा कुशल मनुष्य प्रत्येकापुढें बसून हें सर्व हातानें करीत असे. पण मनुष्य विसरतो. सोमवारीं घडविलेलें यंत्र आणि शुक्रवारीं घडविलेलें यंत्र यांत सूक्ष्म फरक राहून जातो. तो फरक सहा महिन्यांनीं भलत्याच वेळीं डोकें वर काढतो, आणि तो कोठून आला हें घडविणाऱ्यासही सांगतां येत नाहीं.

यावर पहिला उपाय साच्याचा निघाला. एक यंत्र काळजीपूर्वक घडवावें, त्याचा ठसा घ्यावा, आणि त्याच ठशावरून पुढचीं सर्व यंत्रें पाडावीं. गणपतीच्या मूर्ति साच्यांतून निघतात तसाच हा प्रकार. यांत वेळ वांचला, एकसारखेपणाही आला. परंतु दोन दोष राहिले. साचा जुना होतो. नवा सुरक्षिततेचा उपाय निघाला कीं सबंध साचाच पुन्हां घडवावा लागतो. दुसरा दोष अधिक खोल आहे. मूळ यंत्राची ओळखपत्रें आणि गुप्त किल्ल्या जर साच्यांत राहून गेल्या, तर त्यांतून निघालेल्या शंभर यंत्रांजवळ तीच ओळख आणि तीच किल्ली असते. शंभर घरांना एकच कुलूप असावें, तसें हें होतें. म्हणून साचा घेण्यापूर्वीं यंत्राची खास ओळख पुसून टाकणें, आणि यंत्र जन्मास आल्यावर त्यास स्वतःची ओळख देणें, अशा दोन क्रिया वेगळ्या कराव्या लागल्या.

ही दुसरी क्रिया करणारें एक प्रसिद्ध साधन ‘क्लाउड-इनिट’ या नांवानें ओळखलें जातें. ‘उबुंटू’ या मुक्त प्रणालीच्या मंडळींनीं तें प्रथम ॲमेझॉनच्या यंत्रांसाठीं तयार केलें, आणि पुढें तें जवळजवळ सर्व मेघसेवांत पसरलें. त्याची रीति मोठी मनोवेधक आहे. नवें यंत्र प्रथम डोळे उघडतें तेव्हां त्याला स्वतःविषयीं कांहींच ठाऊक नसतें. परंतु एक ठराविक पत्ता मात्र ठाऊक असतो. १६९.२५४.१६९.२५४ हा तो पत्ता होय. ॲमेझॉन काय आणि अझुर काय, दोन्ही सेवांत यंत्र त्या पत्त्यावर विचारणा करूं शकतें कीं, ‘माझें नांव काय?’ उत्तरादाखल त्यास नांव मिळतें, मालकाची किल्ली मिळते, आणि मालकानें लिहून ठेवलेली एक आज्ञावली मिळते. ती आज्ञावली वाचून यंत्र आपलीं आपण घडण करून घेतें. बारशाच्या दिवशीं नांव, आणि त्याच दिवशीं घरची शिस्तही!

परंतु एकदां घडलेलें यंत्र तसेंच राहतें काय? राहत नाहीं. कोणी तरी घाईंत एखादी खिडकी उघडतो आणि मिटावयास विसरतो. एखादा कार्यक्रम नवा होतो आणि दुसऱ्याशीं त्याचें पटेनासें होतें. सऱ्या एकदां पाडल्या म्हणून जन्मभर टिकत नाहींत. या दुखण्याचा विचार ज्यानें मूलापासून केला, तो मनुष्य संगणकाच्या धंद्यांतील नव्हता. पदार्थविज्ञानाचा अभ्यासक होता. मार्क बर्जेस यांनीं १९९३ मध्यें नॉर्वेंतील ऑस्लो येथें ‘सीएफइंजिन’ नांवाचें साधन रचलें. प्रत्येक यंत्रांत एक हस्तक बसवावयाचा. त्यानें ठराविक वेळानें उठून यंत्राची स्थिति तपासावयाची, लिहून दिलेल्या स्थितीशीं ताडून पाहावयाची, आणि फरक असेल तेवढाच दुरुस्त करावयाचा. पुढें १९९८ मधील एका निबंधांत बर्जेस यांनीं या कल्पनेची तुलना शरीराच्या रोगप्रतिकारक शक्तीशीं केली. वैद्य येण्यापूर्वींच शरीर लहानसहान जखमा भरून काढतें. यंत्रानेंही तसेंच करावें.

बर्जेस यांच्या विचारांतील मर्म एका साध्या भेदांत आहे. ‘सरींत पाणी सोड’ ही आज्ञा झाली. ‘सरींत वीतभर पाणी असावें’ हें स्थितीचें वर्णन झालें. दारें धरणाऱ्या गड्यास पहिली गोष्ट दोन वेळां सांगितली, तर तो दोन वेळां पाणी सोडील आणि शेत तुंबेल. दुसरी गोष्ट दहा वेळां सांगितली तरी बिघडत नाहीं. कारण तो आधीं पाहील, आणि पाणी वीतभर असेल तर स्वस्थ बसेल. संगणकाच्या आज्ञावलींतही हेंच घडतें. ‘या यादींत अमक्याचें नांव जोड’ असें लिहिलेली आज्ञावली चुकून दोनदां चालली, कीं नांव दोनदां येतें. ‘यादींत अमक्याचें नांव असावें’ असें लिहिलें, तर ती कितीही वेळां चालो, नांव एकदांच राहतें. हा भेद दिसावयास बारीक आहे, परंतु हजारों यंत्रांचा कारभार करतांना सगळी मदार त्यावरच असते.

बर्जेस यांच्या मागून या वाटेवर अनेक आले. २००५ मध्यें ल्यूक कॅनीज यांनीं ‘पपेट’ काढलें. त्याचा हस्तक, वेगळें सांगितलें नसल्यास, दर अर्ध्या तासानें मुख्य ठाण्याकडे जाऊन आपली यादी घेऊन येतो. २००९ मध्यें ‘शेफ’ आलें, २०११ मध्यें ‘सॉल्ट’ आलें. २०१२ मध्यें मायकेल डिहान यांनीं ‘ॲन्सिबल’ नांवाचें साधन काढून उलट वाट धरली: यंत्रांत कायमचा हस्तक ठेवावयाचाच नाहीं, मुख्य ठाण्याहून वेळेवर जावें, काम करावें, आणि परत यावें. एकांत शेतकरी आपण होऊन पाळी विचारावयास येतो, दुसऱ्यांत पाटकरी स्वतः बांधावर जातो. पहिल्या पद्धतींत कोणी विसरलें तरी हस्तक विसरत नाहीं. दुसरींत घरांत परका मनुष्य मुक्कामास ठेवावा लागत नाहीं. दोहोंचेही पुरस्कर्ते आहेत, आणि मोठ्या कारभारांत बहुधा दोन्ही नांदतात. या सर्वांहून निराळा असा तिसरा पक्षही निघाला. त्याचें म्हणणें असें, कीं बिघडलेलें यंत्र दुरुस्त करूंच नये. तें टाकून द्यावें आणि त्याच लेखी वर्णनावरून नवें पाडावें. यंत्र घडविणें जेव्हां मिनिटांचें काम झालें, तेव्हांच हा विचार शक्य झाला.

अझुरमध्येंही प्रत्येक आभासी यंत्रांत बहुधा एक हस्तक राहतो. तो मेघसेवेच्या नियंत्रकाशीं बोलतो, आणि मालकानें पाठविलेली आज्ञावली यंत्रांत नेऊन चालवितो. त्या आज्ञावलीस नव्वद मिनिटांची मर्यादा आहे. तेवढ्यांत काम आटोपलें नाहीं, तर घडण फसली असें धरलें जातें. मनुष्याचा हात कोठेंही न लागतां यंत्र जन्मतें, नांव घेतें, शस्त्रसज्ज होतें आणि कामास लागतें. येथवर ऐकणारास असें वाटेल, कीं आतां चिंतेचें कारण उरलें नाहीं. परंतु नीरेच्या कांठचा इतिहास येथें पुन्हां आठवावा लागतो.

कालव्याचें पाणी आपोआप आलें. तें आपोआप गेलें मात्र नाहीं. भरपूर पाण्याच्या आनंदांत निचऱ्याचा विचार मागें पडला. काळ्या, खोल जमिनींत पाणी मुरत राहिलें, खालचे क्षार वर आले, आणि एके काळीं सोनें पिकविणारी शेतें खारवट व चोपण झालीं. पुणें कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनीं व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर आपला अहवाल १९१० मध्यें प्रसिद्ध केला. म्हणजे पाणी आल्यास पुरतीं पंचवीस वर्षें झालीं न झालीं, तोंच दुखणें शास्त्रज्ञांच्या मेजावर आलें होतें. दुष्काळानें एका हंगामाचें पीक जातें. चोपणानें जमीनच जाते. जें साधन सर्वत्र सारख्या वेगानें पोंचतें, त्याची चूकही सर्वत्र सारख्याच वेगानें पोंचते, हा त्या अनुभवाचा धडा.

संगणकाच्या जगांत हा धडा अलीकडे दोन वेळां फार मोठ्यानें शिकविला गेला. पहिली गोष्ट २०२१ च्या सप्टेंबरांतील. अझुरमधील लिनक्स प्रणालीच्या यंत्रांत, मालकानें कांहीं सोयी मागितल्या म्हणजे, ‘ओ.एम.आय.’ नांवाचा एक हस्तक त्यांजबरोबर निमूटपणें बसविला जात असे. ‘विझ’ या सुरक्षासंस्थेच्या संशोधकांना असें आढळलें, कीं या हस्तकाकडे ओळखपत्राचा रकाना अजिबात वगळून निरोप पाठविला, तर तो निरोप धाडणारास यंत्राचा सर्वाधिकारी समजतो! ज्याच्या हातीं घरच्या साऱ्या किल्ल्या, तोच दारांत आलेल्या अनोळखी मनुष्यास नांवही विचारीत नव्हता. दुरुस्ती निघाली खरी. परंतु कित्येक ठिकाणीं ती बसविण्याचें काम प्रथम मालकांवर आलें, आणि आपल्या घरांत असा कोणी राहतो, हेंच पुष्कळ मालकांना ठाऊक नव्हतें.

दुसरी गोष्ट १९ जुलै २०२४ ची. ‘क्राउडस्ट्राइक’ नांवाच्या सुरक्षा-कंपनीचा हस्तक जगांतील असंख्य यंत्रांत पाहाऱ्यास बसलेला होता. त्या दिवशीं हिंदी वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं कंपनीनें त्यास एक नवी माहिती आपोआप पाठविली. तींत दोष होता. विंडोज प्रणालीचीं यंत्रें एकामागून एक कोसळलीं आणि पुन्हां उठेनात. ७८ मिनिटांत कंपनीनें ती माहिती मागें घेतली, परंतु तोंवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, ८५ लाख यंत्रें निकामी झालीं होतीं. विमानें अडलीं, रुग्णालयांचीं कामें थांबलीं. हिंदुस्थानांतील कांहीं विमानतळांवर उतारूंना हातानें लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. आणि विशेष हें, कीं जें काम बिनहातानें पसरलें, तें निस्तरावयास मात्र माणसांचे हात लागले. कित्येक यंत्रांपुढें कोणी तरी बसून तो एक दोषी कागद शोधून पुसल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

या अनुभवांतून जाणत्या मंडळींनीं जे नियम बांधले, ते कोणत्याही शहाण्या बागाइतदारास नवे वाटणार नाहींत. नवी आज्ञावली प्रथम दोन-चार यंत्रांवर चालवावी, रात्र जाऊं द्यावी, आणि मगच बाकीच्यांवर सोडावी. नवें बेणें सबंध मळ्यांत एकदम कोणी लावीत नाहीं. आज्ञावलींत गुप्त शब्द लिहूं नये. जन्मवेळीं वाचावयास दिलेला कागद यंत्राच्या आंत वावरणाऱ्या इतरांसही वाचतां येतो. प्रत्येक फेरफार कोणी, केव्हां आणि कां केला, याची वही ठेवावी. घरांत कोणकोणते हस्तक राहतात, त्यांची यादी मालकानें स्वतःजवळ ठेवावी. आणि पाणी आणण्यापूर्वीं निचऱ्याची चर खणावी, म्हणजे चूक झाली तर पूर्वस्थितीस परत जाण्याचा मार्ग आधींच तयार असावा.

बारामतीच्या उसास आतां दोन पाट मिळाले आहेत. एक नीरेचा, आणि दुसरा माहितीचा. पहिला मैलभर लांबूनही दिसतो. चारी फुटली तर पाटकऱ्यास हांक मारतां येते. दुसरा दिसत नाहीं. त्या पाटावर यंत्रें जन्मतात, घडतात, काम करतात आणि नाहींशीं होतात, आणि शेतकऱ्यापर्यंत पोंचतें तें फक्त शेवटचें वाक्य: आज पाणी द्या, आज देऊं नका. त्या वाक्यामागें कोणी तरी लिहिलेली यादी असते, कोणी तरी बसविलेला हस्तक असतो. जुन्या शेजपाळीची यादी आपल्या नांवापुढें काय लिहिलें आहे हें पाहण्यास खातेदारास मोकळी होती, आणि चूक दिसल्यास तक्रार करण्यास जागा होती. त्या मोकळिकीमुळेंच भांडत-तंडत का होईना, इंदापुराकडच्या टोंकाच्या शेतकऱ्यासही आपल्या पाळीवर हक्क सांगतां येत असे. नव्या पाटाचे इंजिनियर कितीही चतुर असोत, त्यांच्या यादींतही ती मोकळीक असली पाहिजे. ज्या नियमानें आपलें शेत भिजावयाचें, तो नियम वाचण्याचा अधिकार शेत कसणारास असावा; एवढें राहिलें, तर यंत्रानें आपली घडण आपण केली म्हणून कोणाचें बिघडणार नाहीं.